तुमची शाखा कोणती? मुंबईतील ७४ विमा शाखा आणि 'जवळच्या सर्व्हर'चा इतिहास

नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतीय आयुर्विमा महामंडळाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एलआयसीने, मुंबईतील आपल्या ७४ शाखांचे संगणक एका महानगर जाळ्यात जोडले. गिरगावात उतरवलेल्या विम्याचा हप्ता आता दादरच्या खिडकीवर भरता येऊ लागला. परळच्या पॉलिसीची सद्यःस्थिती शहरातील कोणत्याही शाखेत विचारता येऊ लागली. मोबाइलवर दोन बोटांनी हप्ता भरणाऱ्या पिढीला यात नवल ते काय, असे वाटेल. परंतु तोवरच्या चाळीस वर्षांत विमेदाराला शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जाई तो नावाचा नसे. "तुमची शाखा कोणती?" हा तो प्रश्न होता.

हा धागा त्या प्रश्नाचा आहे. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे: सकाळी शाखेतला कर्मचारी संगणकासमोर बसतो, आपले नाव आणि पासवर्ड टाइप करतो, तेव्हा हा माणूस आपलाच आहे याची ग्वाही कोणी द्यावी? शेजारच्या खोलीतील सर्व्हरने, की दूरच्या मुख्यालयातील यंत्राने? प्रश्न तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी संस्थेच्या कारभाराने दिले आहे.

सुरुवात १९५६ पासून करावी लागेल. त्या वर्षी देशातील २४५ विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबरला एलआयसी स्थापन झाली. मुंबईच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हती. १८७० मधील बॉम्बे म्युच्युअल आणि १८७४ मधील ओरिएंटल या देशी विम्याच्या जुन्या पेढ्या याच शहरातल्या. नव्या महामंडळाचे मुख्यालयही इथेच आले. आरंभी सगळ्या देशात मिळून ५ विभागीय कार्यालये, ३३ मंडळ कार्यालये आणि २१२ शाखा होत्या. शाखा तेव्हा मुख्यतः नवा विमा मिळवण्याचे काम करीत. पॉलिसीचे खाते, हप्त्यांचा हिशेब, नोटिसा हा सारा व्याप मंडळ कार्यालयाकडे असे. विमेदार शाखेत विचारणा करी, शाखा मंडळाला पत्र लिही आणि उत्तर येईपर्यंत दोघेही वाट पाहत.

या व्यवस्थेला साजेशी यंत्रेही आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'युनिट रेकॉर्ड' यंत्रे बसली. जाड कागदाच्या कार्डावर भोके पाडायची, प्रत्येक भोक म्हणजे एक आकडा, आणि कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे यंत्रातून फिरवून हप्त्याच्या नोटिसा व याद्या छापायच्या. १९६४ मध्ये महामंडळात संगणक दाखल झाला. या यंत्रांना 'लॉग-इन' नावाची गोष्ट माहीत नव्हती. ज्याच्याकडे यंत्राच्या खोलीची किल्ली तो आत जाई. ओळख पटवण्याचे काम दारावरचा शिपाई करी.

त्या किल्लीवरूनच पुढचा संघर्ष पेटला. एका खोलीतील यंत्र शेकडो कारकुनांचे काम करणार असेल, तर त्या कारकुनांचे काय? विमा कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना १९५१ मध्ये मुंबईतच स्थापन झाली होती. तिने स्वयंचलनाला देशभर विरोध केला. कोलकात्यात तर संगणक ज्या इमारतीत बसायचा, त्या 'इलाको हाउस'भोवती कर्मचाऱ्यांनी पहारा दिला. प्रकरण इतके वाढले की केंद्र सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. दारिद्र्याच्या मोजमापासाठी ओळखले जाणारे दांडेकर संगणकाच्याही इतिहासात आहेत, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

या विरोधाला 'प्रगतीचा द्वेष' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. मध्य मुंबईत यंत्र आणि रोजगार यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत गिरणी कामगार बाप आणि बँकेत किंवा विम्यात चिकटलेला मुलगा, असे चित्र दुर्मीळ नव्हते. बाप भोंग्याची वाट पाहत घरी बसलेला असताना मुलाच्या टेबलावर यंत्र येणार होते. बँकांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबतचा पहिला मोठा करार केला तो याच पार्श्वभूमीवर, सप्टेंबर १९८३ मध्ये. कोणती यंत्रे, किती आणि कोठे, हे त्यात ठरवून घेतले गेले. पाठोपाठ १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला. त्यानंतर बँकांच्या शाखांत खतावणीची यंत्रे आली. ती एकेकटी होती, एकमेकांशी बोलत नव्हती. कर्मचाऱ्यांना तेवढे एकटेपण परवडण्यासारखे होते.

एलआयसीत याच सुमारास एक निराळा निर्णय झाला आणि पुढचे सारे त्यातून घडले. १९८० च्या दशकाच्या आरंभी महामंडळाची पुनर्रचना झाली. पॉलिसीची सेवा मंडळ कार्यालयातून शाखेकडे आली. शाखा स्वतंत्र हिशेबी घटक बनली. नव्या शाखा मोठ्या संख्येने उघडल्या. ज्याला विमा कर्मचारी 'डॉकेट' म्हणतात, ते पॉलिसीच्या मूळ कागदांचे बाड शाखेच्या कपाटात आले. मोठ्या खोलीतील कार्ड-यंत्रे निरोप घेऊ लागली आणि शाखांत मायक्रोप्रोसेसरवर चालणारे लहान संगणक बसले. अधिकार शाखेत आला म्हणून माहिती शाखेत आली, आणि माहिती शाखेत आली म्हणून संगणकही तेथेच आला. क्रम हा असा आहे. अनेकदा तो उलटा सांगितला जातो, जणू स्वस्त संगणकामुळेच कारभार शाखांकडे गेला.

जुलै १९९५ मध्ये हा संगणक मागच्या खोलीतून पुढे खिडकीवर आला. हप्ता भरताच पावती, पॉलिसीची स्थिती लगेच पडद्यावर, कर्ज किती मिळेल आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करायला किती भरावे लागेल याचा आकडा मागताक्षणी. पुढे देशातील सर्व २,०४८ शाखांत ही सोय पोचली.

खिडकीवरचे काम हातात पैसे घेऊन होते, म्हणून येथे ओळखीचा प्रश्न खरा झाला. त्या काळच्या शाखा-संगणकांची सर्वसाधारण रचना अशी असे: एका कोपऱ्यातील खोलीत सर्व्हर, आणि तारांनी जोडलेले पडदे व कळफलक. या 'डंब टर्मिनल'ला स्वतःची बुद्धी नव्हती. सकाळी टर्मिनल सुरू केले की सर्व्हर नाव विचारी, मग पासवर्ड. सर्व्हरमध्ये एक फाइल असे, तिच्यात त्या शाखेच्या कर्मचाऱ्यांची नावे. तेथे नाव असेल तर प्रवेश, नसेल तर नाही. नोंद एकाची आणि मंजुरी दुसऱ्याची ही जुनी शिस्तही त्या फाइलमधूनच पाळली जाई. रोखपालाला काही पडदे उघडत, अधिकाऱ्याला त्याहून अधिक.

गिरणगावाला ही पद्धत परकी वाटू नये. गिरणीच्या मालकांचे कार्यालय फोर्टात असे, पण कामगाराची हजेरी लागे ती परळच्या किंवा लालबागच्या फाटकावर. बिल्ला ओळखणारा माणूस फाटकावरच हवा. दररोज पहाटे हजारो माणसांची खात्री फोर्टात विचारून करायची म्हटले असते, तर साचे सुरूच झाले नसते.

परंतु एका गिरणीचा बिल्ला दुसऱ्या गिरणीच्या फाटकावर चालत नसे, आणि संगणकाचेही तेच होते. दादरच्या सर्व्हरला परळचे कर्मचारी माहीत नव्हते. बदली झाली की नव्या शाखेत नाव नव्याने चढवायचे आणि जुन्या शाखेतून ते काढायला कोणी विसरले तर ते तसेच पडून राहायचे. विमेदाराचीही गत तीच. त्याने घर बदलले, तर पॉलिसीचे कागद एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पाठवण्याचा रीतसर अर्ज करावा लागे.

आणि मुंबईत याच काळात माणसे हलत होती. विम्याचा करार वीस-पंचवीस वर्षांचा. तेवढ्यात गिरगावची बिऱ्हाडे डोंबिवली-बोरिवलीला गेली. गिरण्या एकेक करून थंडावल्या, १९९१ च्या विकास नियमावलीने त्यांच्या जमिनींच्या विक्रीची वाट मोकळी केली. ज्यांच्या पगारातून 'सॅलरी सेव्हिंग्ज' योजनेखाली हप्ता परस्पर कापला जाई, त्यांची नोकरी गेली की हप्ता कापणारा हातही गेला. पॉलिसी जिवंत ठेवायची तर स्वतः शाखेत जाऊन पैसे भरायचे. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस १५. ते उलटले की पॉलिसी लॅप्स होणार, आणि त्यानंतर घरातला कर्ता गेला तर वारसाच्या हाती पूर्ण रक्कम येईल याची शाश्वती नाही. ज्या माणसाची शाखा परळला, घर कल्याणपलीकडे आणि रोजंदारी मिळेल तेथे, त्याच्यासाठी "तुमची शाखा कोणती?" हा प्रश्न एका दिवसाच्या मजुरीचा होता.

१९९७ चे महानगर जाळे या प्रश्नावरचे उत्तर होते. त्यातली खुबी अशी की शाखांचे सर्व्हर काढून टाकून सगळी माहिती एका ठिकाणी ओतली गेली नाही. शाखा आपापल्या जागी राहिल्या आणि त्यांच्यामध्ये रस्ता बांधला गेला. याचे एक साधे कारण वेग हे होते. त्या काळात कचेऱ्यांना भाड्याने मिळणाऱ्या वाहिन्या सेकंदाला ९.६ किंवा ६४ किलोबिट नेत. ६४ किलोबिट म्हणजे ८ किलोबाइट. आजचा मोबाइलवरचा एक मध्यम फोटो, समजा २ मेगाबाइटचा, त्यावरून जायला चार मिनिटांहून अधिक लागली असती. अशा रस्त्यावरून एका पॉलिसीची चार ओळींची स्थिती सहज जाते. सकाळी दहाच्या ठोक्याला ७४ शाखांतील सगळ्या कर्मचाऱ्यांचे लॉग-इन आणि दिवसभराची प्रत्येक नोंद मात्र त्यावर लादता येत नाही. शिवाय पावसाळा. तार तुटली की केंद्रावर विसंबलेली शाखा आंधळी होते. स्वतःचा सर्व्हर असलेली शाखा निदान आपल्या विमेदारांचे हप्ते घेत राहते.

या जाळ्यावर दिवसाला १०,००० हून अधिक व्यवहार होऊ लागले. ७४ ने भागले तर शाखेमागे सुमारे १३५, म्हणजे कचेरीच्या सात तासांत साधारण दर तीन मिनिटांना एक.

आता जगात याच प्रश्नाचे काय चालले होते ते पाहू. १९९० च्या दशकात कचेऱ्यांत टर्मिनलऐवजी पीसी आले आणि त्यांना सर्व्हर शोधावा लागू लागला. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीत पीसी सुरू होताच जाळ्यावर हाक देई: जवळचा सर्व्हर कोण? जो पहिला उत्तर देई, त्याच्याशी तो जोडला जाई आणि एफ ड्राइव्हवर लॉग-इनची ओळ उमटे. नेटवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक सर्व्हरची नावांची यादी वेगळी होती, गिरणीच्या बिल्ल्यासारखीच. १९९३ च्या विंडोज एनटीने दुसरी तोड काढली. मूळ यादी मुख्यालयातील एका यंत्रावर, आणि तिची प्रत शाखेतील दुय्यम यंत्रावर. पासवर्ड तपासायचा तो शाखेत, बदलायचा तो मुख्यालयात.

विंडोज २००० ने त्याला नकाशा जोडला. प्रत्येक शाखेच्या संगणकांचे क्रमांक कोणत्या गटातले, आणि त्या गटाला कोणता सर्व्हर जवळचा, हे व्यवस्थापकाने नोंदवून ठेवायचे. पीसी आपला क्रमांक सांगतो आणि त्याला उत्तर मिळते: तू अमुक शाखेतला, तुझा सर्व्हर तमुक. ही नोंद करायला कोणी विसरला, तर गंमत होते. परळच्या पीसीला दिल्लीचा सर्व्हरही ग्वाही देऊ शकतो. पडद्यावर चूक दाखवली जात नाही, काम होते, फक्त सकाळ लांबते. नवी शाखा उघडली, संगणक बसले, आणि "सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना लॉग-इनला इतका वेळ का?" हा प्रश्न कैक कचेऱ्यांनी विचारला आहे. उत्तर बहुधा याच विसरलेल्या नोंदीत सापडते.

याच प्रणालीने एमआयटीत १९८० च्या दशकात जन्मलेली 'कर्बेरॉस' पद्धतही उचलली. सर्व्हर एकदा ओळख पटवतो आणि मुदतीचे तिकीट देतो. पुढे पासवर्ड पुन्हा पाठवावा लागत नाही, तिकीट दाखवले की पुरते. अट एकच, दोन्हीकडची घड्याळे जुळली पाहिजेत. पाच मिनिटांहून अधिक फरक असेल तर तिकीट नाकारले जाते. मुंबईने स्वतःचा 'बॉम्बे टाइम' भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे ठेवून १९५५ पर्यंत चालवला होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्या हट्टी घड्याळांवर एकाही शाखेत लॉग-इन झाले नसते.

बँकांनी मात्र दुसरा रस्ता धरला. १९९० च्या दशकात त्यांच्याही शाखांत स्वतंत्र सर्व्हर होते, आणि दर शाखा म्हणजे एक स्वतंत्र बँकच होती. कोअर बँकिंग आले, खाती एका केंद्रात गेली आणि शाखेचा सर्व्हर हलका होत गेला. 'शाखेचा ग्राहक' हा 'बँकेचा ग्राहक' झाला. ग्राहकाच्या सोयीच्या दृष्टीने हे निःसंशय मोठे पाऊल होते. त्याची किंमत शाखेच्या दारावर 'लिंक डाउन'च्या पाटीने मोजली गेली. पैसे तिजोरीत, माणसे खुर्चीत, आणि ओळख पटवणारा गावाबाहेर.

शाखेत सर्व्हर ठेवण्याचा धोकाही दुर्लक्षिण्यासारखा नव्हता. मुख्यालयात यंत्राची खोली पहाऱ्यात असते. शाखेत तीच खोली झेरॉक्सचे कागद, जुनी रजिस्टरे आणि चहाच्या कपांसोबत वाटून घेतलेली. सर्व्हर चोरीला गेला तर साऱ्या संस्थेच्या पासवर्डांची यादी गेली. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी शाखांकरिता केवळ वाचता येणारा सर्व्हर आणला. त्यात यादीत बदल करता येत नाही, आणि पासवर्ड साठवले जातात ते फक्त परवानगी दिलेल्या, म्हणजे सहसा त्या शाखेच्याच माणसांचे. तो चोरीस गेल्यास कोणाचे पासवर्ड बदलायचे याची यादी मुख्यालयात तयार असते. विश्वास जवळ ठेवायचा, पण गरजेपुरताच.

१९९७ च्या जाळ्यानेही तेच केले होते, निराळ्या रीतीने. दुसऱ्या शाखेत काय करता येत असे, ती यादी पुन्हा पाहावी: हप्ता भरणे, स्थिती पाहणे, कर्ज किती मिळेल याचा आकडा, पॉलिसी सोडल्यास किती मिळेल याचा आकडा. घेणे आणि सांगणे शहरभर मोकळे झाले. देणे मात्र झाले नाही. कर्जाचा धनादेश आणि मृत्युदाव्याची मंजुरी यांसाठी विमेदाराला किंवा त्याच्या वारसाला पॉलिसी जिथे नोंदलेली त्या शाखेतच जावे लागे, कारण सही पडताळायची ती डॉकेटमधल्या प्रस्तावावरची, आणि डॉकेटचे स्कॅनिंग सुरू व्हायला अजून काही वर्षे होती. तोवर दादरच्या पडद्यावर परळची पॉलिसी क्षणात दिसत असली, तरी तिचे कागद परळच्याच कपाटात, क्रमांकाप्रमाणे लावलेले होते.